मुलांसाठी इतिहासाच्या पुस्तकांवरील चर्चा कशी चालवावी?

खानापूर तालुक्यातील आपल्या गावच्या वाचनालयात सहावी ते नववीच्या मुलांसाठी इतिहासाच्या पुस्तकांवर दरमहा चर्चा घ्यावयाची आहे, तर पुस्तके कोणती निवडावीत आणि मुले गप्प बसली तर काय करावे, असे आपण विचारले आहे. बेळगाव परिसरात अशा बैठका बरीच वर्षे घेत आलो असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

पुस्तकांची यादी करण्याआधी एक प्रश्न पक्का करावा आणि तो प्रत्येक बैठकीत विचारावा: लेखकाला हे कशावरून कळले? या प्रश्नाचे उत्तर शोधता येईल असेच पुस्तक निवडावे, आणि शक्यतो ते जवळच्या इतिहासावरचे असावे.

सुरुवात कित्तूरच्या राणी चन्नम्मांवरील पुस्तकाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. राणीने डलहौसीच्या खालसा धोरणाविरुद्ध (दत्तक वारस नाकारून संस्थान ताब्यात घेण्याच्या धोरणाविरुद्ध) शस्त्र उचलले, असे वाक्य मुलांच्या पुस्तकांत आढळते. कित्तूरची पहिली लढाई 23 ऑक्टोबर 1824 रोजी झाली आणि तीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डलहौसी मात्र गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला तो 1848 मध्ये. ही दोन साले फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की, सहसा न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मात्र चूक सापडली म्हणून चर्चा तेथेच थांबवू नये. कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्र सर्जा यांच्या मृत्यूनंतर दत्तक शिवलिंगप्पाला ईस्ट इंडिया कंपनीने वारस मानले नाही, हे तर खरेच आहे. म्हणजे त्या धोरणाला डलहौसीचे नाव चिकटण्याच्या कितीतरी आधी कंपनी तसे वागत होती. लेखकाने डलहौसीचे नाव चुकून घातले तरी त्याचा मुद्दा कोठवर टिकतो, हे मुलांनी स्वतः तपासणे मला फार मोलाचे वाटते.

त्याला जोडून राणीच्या सैन्यातील संगोळ्ळी रायण्णा घ्यावा. त्याला 1831 मध्ये नंदगडला फाशी दिली गेली आणि त्याची समाधी तर आपल्याच तालुक्यात आहे. त्याच्यावर कन्नडमध्ये पुष्कळ लिहिले आणि गायिले गेले आहे. आपल्याकडच्या मराठी शाळांतील मुले कन्नडही शिकत असतात, म्हणून एखादे कन्नड पान त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे आणि मराठी पुस्तकाशी ताडून पाहावे. सरकारी कागदात तो बंडखोर असतो आणि लोकगीतात वीर. दोन्ही का जपले गेले, यावर मुले तासभर बोलू शकतात.

शिवचरित्र पहिल्याच महिन्यात घेऊ नये. त्या कथा मुलांना पाठ असतात आणि पाठ असलेल्या गोष्टीला ती प्रश्न विचारत नाहीत. दोन-तीन बैठकांनंतर, महाराजांच्या तोंडी घातलेले संवाद कोठून आले, हे विचारण्याची त्यांची तयारी होते. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, एवढी माहिती दिली तरी काळाचे अंतर त्यांच्या लक्षात येते.

गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते 1924 चे बेळगावचे. बेळगावच्या टिळकवाडीतील, त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर मुलांनी येता-जाता पाहिलेली असते, त्यामुळे या विषयाला फार तयारी लागत नाही.

सीमाप्रश्न मुले काढतीलच, कारण तो घराघरांत बोलला जातो. तो टाळू नये. परंतु आठवी-नववीच्या मुलांपुढे 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे ठेवून, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात कसा गेला, एवढ्यापासून आरंभ करावा. घोषणा देता न येणाऱ्या खोलीत मुले अधिक नीट ऐकतात, आणि कन्नड घरातील मूल शेजारी बसलेले असेल तर अधिकच.

व्यवस्थेविषयी थोडेच सांगतो. दहा-बारा मुले पुरेत. पूर्ण पुस्तक घरी वाचून येण्याची सक्ती नको. एक प्रकरण तेथेच आळीपाळीने वाचावे. बक्षीस मुळीच ठेवू नये, कारण बक्षीस आले की चर्चेची वक्तृत्व स्पर्धा होते आणि हळू बोलणारी मुले यायची बंद होतात. उत्तर न मिळालेले प्रश्न एका वहीत नोंदवून पुढच्या बैठकीत ग्रंथपालांनी संदर्भ काढून आणावेत. पावसाळ्यात खानापूरकडचे रस्ते मुलांना नेण्याजोगे नसतात, म्हणून नंदगडची भेट दिवाळीनंतर ठेवावी आणि रायण्णाचे पुस्तक त्याच्या आदल्या महिन्यात घ्यावे.