ऑफिसला परत जाताना अंगावरचं दूध: पंप, बाटली आणि घड्याळ

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतंय: बाळ साडेचार महिन्यांचं, तीन आठवड्यांनी ऑफिस सुरू, जाऊन-येऊन रोज दहा तास घराबाहेर. पंपाने एका वेळी जेमतेम ४० मिली निघतं, बाळ बाटलीला तोंड लावत नाही, आणि घरचे म्हणतायत, "दूध कमीच आहे, आत्तापासूनच वरचं सुरू कर."

आधी त्या ४० मिलीबद्दल. ते तुम्ही बाळाला पाजून झाल्यावर तासाभरात काढलंय. बाळाने पिऊन उरलेल्यातलं ते आहे. अशा वेळी दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली निघणं अगदी नेहमीचं. पाजण्याऐवजी, म्हणजे मधे तीनेक तास गेल्यावर पंप लावला, तर साधारण ६० ते १२० मिली मिळतं. तेव्हा दूध कमी आहे हा निष्कर्ष पंपाकडे बघून काढू नका. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट भिजवणारी शू होतेय का आणि वजन त्याच्या रेषेने वाढतंय का, एवढंच बघायचं.

आता हिशेब. एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध लागतं आणि या महिन्यांत हा आकडा फारसा वाढत नाही. वरच्या दुधाच्या डब्यावरचं प्रमाण वयानुसार वाढत जातं, म्हणून घरातल्यांना वाटतं की बाळ मोठं झालं, बाटलीही मोठी हवी. तसं नसतं. ७५० ला २४ ने भागा: तासाला तीसेक मिली. थोडं हाताशी जास्त धरून तासाला ३० ते ४०. दहा तासांसाठी ३०० ते ४०० मिली, म्हणजे ९०-१०० मिलीच्या तीन-चार बाटल्या. बाळाबाळात फरक असतो, तो पहिल्या आठवड्यात कळतोच.

यातून महत्त्वाची गोष्ट निघते: फ्रीझर भरायची गरज नाही. आज ऑफिसात काढलेलं दूध उद्या बाळ पिणार. साठा लागतो तो पहिल्या दिवसापुरता आणि वर एखाद्या दिवसाचा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज एकदाच पंप लावा, तेव्हा दूध तुलनेने जास्त असतं. ४० मिलीच निघालं तरी वीस दिवसांत ८०० मिली होतात, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. साठ्याच्या हौसेने दिवसातून चार-चारदा पंप केला की शरीर समजतं जुळी आहेत. मग छाती दाटते, गाठी धरतात आणि ऑफिसचा पहिला आठवडा त्यातच जातो.

खरी गडबड बहुतेक वेळा पंपाच्या भागांत असते, दुधात नसते. सुरुवात फनेलपासून करा, म्हणजे छातीवर लावायच्या त्या नरसाळ्यापासून (पाकिटावर 'फ्लॅन्ज' लिहिलेलं असतं). पंपाबरोबर बहुधा २४ किंवा २८ मिमीचं येतं आणि अनेकींना ते मोठं होतं. पाजण्याआधी स्तनाग्राच्या बुडाशी रुंदी मिमीमध्ये मोजा. फनेलच्या नळीचं माप त्याइतकं किंवा दोन-तीन मिमी जास्त हवं. दोन्ही बाजूंची मापं वेगळी निघू शकतात. पंप चालू असताना बघा: फक्त स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं. भोवतालची काळसर त्वचाही भसकन आत ओढली जात असेल तर फनेल मोठं. स्तनाग्र कडेला घासून पांढरं पडत असेल तर लहान. दोन्हींत दुखतं आणि दूधही कमी येतं.

मग ती छोटी रबरी झडप, बदकाच्या चोचीसारखी. पंपातला सगळ्यात क्षुल्लक दिसणारा तुकडा हाच, आणि ओढ कमी होण्याचं पहिलं कारणही हाच. धुवून, उजेडासमोर धरून चोचीची फट बघा. फटीतून उजेड दिसला, म्हणजे ओठ पूर्ण मिटत नसले, तर झडप गेली. फट साफ करायला आत ब्रश किंवा नख घालतात त्यानेच ती रुंदावते. बोटांनी हलकेच चोळून पाणी सोडायचं, बस. रोज तीनदा पंप होत असेल तर महिना-दोन महिन्यांत झडप बदलावी लागते. आतला सिलिकॉनचा पडदा काठाने नीट बसला नसेल तरी ओढ जाते. नळीत बाष्प दिसलं तर नळी फनेलपासून सोडवून पंप नुसताच दोन मिनिटं चालवा, सुकते. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र नळी फेकून द्या.

पंप लावताना पहिली दोन मिनिटं जलद-हलकी गती. बाळ सुरुवातीला भराभर चोखतं, त्याची ही नक्कल. पान्हा फुटला, धार दिसली की संथ आणि खोल गतीवर जा. ओढ दुखेल इतकी वाढवू नका. दुखलं की पान्हा अडतो. तुम्हाला सोसेल ती पातळी हीच सर्वांत जास्त. धार थांबल्यावर पुन्हा दोन मिनिटं जलद गती दिली तर बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. एकूण १५ ते २० मिनिटं, दोन्ही बाजू एकदम. शेवटी दोन मिनिटं हाताने काढा: अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून दोन-तीन सेंमी मागे समोरासमोर ठेवा, आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं त्वचेवरून घसरवायची नाहीत. पंपाने न निघालेलं वीसेक मिली यात मिळून जातं. पंप घरी विसरला किंवा बॅटरी गेली, त्या दिवशी तर हीच कला कामाला येते.

ऑफिसात दर तीन तासांनी एकदा, म्हणजे दहा तासांत तीनदा. निघण्याच्या अगदी आधी पाजा, आल्याबरोबर पाजा. मीटिंग लांबली म्हणून एखादी खेप चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण रोज चुकू लागली तर आठ-दहा दिवसांत दूध कमी होतं. भरलेल्या छातीत दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, कारण एवढंच. म्हणून कॅलेंडरवर २५-२५ मिनिटांच्या तीन वेळा आधीच अडवून ठेवा. वरिष्ठांशी रुजू व्हायच्या आधीच बोला आणि नेमकं मागा: आतून कडी लागणारी खोली, प्लगपॉइंट, फ्रिजचा एक कप्पा. स्वच्छतागृह चालणार नाही. सवलत मागतोय असं वाटून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात (क्रमांक १८३) पाजण्यासाठीची सुट्टी कामाच्या वेळेत धरावी असं स्पष्ट आहे. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते एचआरकडून लेखी घ्या.

साठवणीचे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. खोली त्याहून गरम असेल तर लगेच फ्रिज. फ्रिजमध्ये (४ अंश) ४ दिवस, मागच्या बाजूला, दारात नाही. फ्रीझरमध्ये (उणे १८) ६ महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास. फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण वितळलं की पुढचे २४ तास. पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर ओतून टाका. म्हणूनच एका पिशवीत ६० ते ९० मिलीच भरा, वर थोडी जागा सोडा, आडवी करून गोठवा. कोमट दूध गार दुधात सरळ ओतू नका, आधी तेही फ्रिजमध्ये गार करा. एकत्र केलेल्या दुधावर तारीख लिहायची ती सर्वांत जुन्या दुधाची. शुक्रवारचं दूध न गोठवता सोमवारी चालतं.

गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. बहुधा दुधातलंच लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) चरबी फोडत असतं, दूध नासलेलं नसतं. पण काही बाळं तोंड फिरवतात. म्हणून आत्ताच एक पिशवी आठवडाभर गोठवून, वितळवून बघा. वास येत असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका, आणि लगेच गार करा.

बाटलीचं. तुम्ही स्वतः देऊ नका, तुमचा वास येत असताना बाळ बाटली का घेईल? दिवसा जो सांभाळणार आहे त्याने द्यायची, आणि तुम्ही खरोखर घराबाहेर जायचं. शेजारच्या खोलीत लपून चालत नाही. बाळ अर्धवट भुकेलं, अर्धवट झोपेत असताना १५-२० मिलीच. भुकेने रडत असेल तेव्हा नाही. सगळ्यात संथ धारेचं निप्पल, बाळ जवळजवळ उभं, बाटली आडवी, दर काही घोटांनी निप्पल खाली करून दम घ्यायला वाव. एक बाटली १० ते २० मिनिटं चालायला हवी. पाच मिनिटांत रिकामी झाली तर बाळ पोट भरूनही ओरडतं आणि मग "याला पुरतच नाही" सुरू होतं. दहा मिनिटांत जमलं नाही तर सोडून द्यायचं, उद्या बघू. तीन आठवड्यांत बाटली नाहीच घेतली तर छोटी वाटी किंवा चमचा. वेळ लागतो, पण काम होतं. काही बाळं दिवसा मोजकंच पिऊन कसर रात्री भरून काढतात. ओल्या लंगोटांचा आकडा ठीक असेल तर घाबरू नका, फक्त त्या दिवसांत रात्री लवकर आडव्या व्हा आणि घरकाम दुसऱ्यावर सोडा.

घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हाती एक कागद द्या: वेळ, किती प्यायलं, किती ओतून टाकलं. ओतून टाकलेल्याचा रकाना सगळ्यात बोलका. दोन दिवस ३०-३० मिली वाया गेलं तर बाटली लहान करा. तुम्ही पोचण्याच्या तासभर आधी मोठी बाटली देऊ नये हेही सांगून ठेवा. फार झालं तर ३० मिली. रात्री पंप धुणं आणि बाटल्या भरणं नवऱ्याकडे द्या. धुण्यासाठी वेगळं पातेलं घ्या, थेट सिंकमध्ये नको. गरम साबणाचं पाणी, मग पुसायचं नाही, हवेवर सुकवायचं.

छातीत गाठ लागली, दुखरा भाग लाल झाला तर जोराने रगडू नका आणि "रिकामी करायची" म्हणून जास्तीचा पंपही नको, त्याने सूज वाढते. गार शेक द्या, पाजणं नेहमीसारखं चालू ठेवा. एका दिवसात उतार नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टर.

शक्य असेल तर सोमवारऐवजी बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा. दोन-तीन दिवसांत काय चुकतंय ते कळतं आणि दुरुस्तीला शनिवार-रविवार मिळतो. ऑफिसच्या बॅगेत जादाचा टॉप ठेवाच. झडपाही दोन जादाच्या ठेवा. पहिल्याच आठवड्यात एक बेसिनच्या भोकातून खाली जाते.