अखंड पात्याकडे परतताना

प्रिय मित्रा,

लहानपणी सुटलेला चाकूंचा नाद इतक्या वर्षांनी पुन्हा लागला, असं तू लिहिलंस. वाचून फार आनंद झाला. मिटणाऱ्या चाकूत बिजागरी, खटका, स्प्रिंग अशी बरीच करामत असते. अखंड पात्याच्या, म्हणजे न मिटणाऱ्या सुरीत सगळी मदार पोलाद, त्याला दिलेलं पाणी (तापवून, बुडवून आणलेला कठीणपणा) आणि धारेचा उतार यांच्यावर. म्हणून मोठेपणी तिच्याकडे वळणं मला योग्यच वाटतं.

जाड, लांब, पाठीवर करवतीचे दात असलेलं पातं लहानपणी भुरळ घालायचं, आजही तेच आधी डोळ्यांत भरेल. ते घेऊ नकोस. सहा मिलिमीटर जाडीचं पातं लाकडात पाचरीसारखं शिरतं, ते कापण्यापेक्षा फोडतं जास्त. दहा सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि अडीच मिलिमीटर जाड पातं पुरे. स्वीडनच्या मोरा गावच्या सुऱ्या किंवा फिनलंडची पूक्को बघ. त्यांच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेक रुंद उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत पोचतो. धार लावताना तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन सापडला. नवशिक्याला यापेक्षा चांगला गुरू नाही.

पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलंच हवं, असं तुला अनेक जण सांगतील. पात्यावर दांडक्याचे घाव घालून लाकूड फोडायचं असेल तर खरं आहे. तासायला, सोलायला, कोरायला मात्र पूक्कोचं मुठीत दडलेलं अरुंद शेपूट पिढ्यान्‌पिढ्या पुरलंय.

पोलादाच्या नावांत फार अडकू नकोस. १०९५ हे साधं कार्बन पोलाद. त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ते आठशे अंशांच्या जरा वर तापवून तेलात बुडवलं की काचेसारखं ठिसूळ होतं. मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याला चिवटपणा आणतात. हे नीट जमलं नाही, तर महागातलं पोलादही धार धरत नाही. पहिली सुरी मी कार्बन पोलादाचीच सुचवीन. ती गंजते, त्यामुळे पुसून तेलाचा हात फिरवायची सवय लागते, आणि वापरून वापरून पात्यावर चढणारी करडी छटा मला तरी चकाकीपेक्षा सुंदर वाटते. चामड्याच्या म्यानात ती महिनोन्‌महिने ठेवू नकोस. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पातं खातात.

बरोबर बाळगण्याआधी तुझ्याकडचा कायदा वाच. पात्याची लांबी आणि सार्वजनिक जागी बाळगणं, दोन्हींबाबत देशोदेशी नियम वेगळे आहेत.

दुसरी सुरी घेण्याआधी धार लावायचा एक हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा दगड घे. एक बाजू घासत राहा, पलीकडच्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ती कड तपासताना बोट धारेच्या लांबीवरून ओढायचं नाही, पाठीकडून धारेबाहेर न्यायचं. मग बाजू बदल, दाब कमी करत जा, शेवटी चामड्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून फिरव.

पहिली धार लावलीस की कागद कापून बघ आणि तो कुठे अडकला ते मला कळव. बहुतेकांचा टोकाजवळच्या वळणावर अडकतो, कारण तिथे पोचताना मूठ किंचित उचलायची राहून जाते.

तुझा,
काका