युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) परत परत होतोय, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता काय करू?

सगळे म्हणजे कुठले हो? सीबीसी, ईएसआर, आरए फॅक्टर, एएनए, रक्ताच्या एवढ्याच तपासण्या लिहिल्यात तुम्ही. माझेही हेच नॉर्मल यायचे, तीन वर्षं.

२०१५ ला डावा डोळा लाल झाला. भाऊजींचं मेडिकल आहे, म्हणाले डोळे आलेत, अँटिबायोटिक ड्रॉप दिले. आता डोळे आले तर चिपडं येतात ना, माझ्या डोळ्यात चिपडाचा पत्ता नाही पण ट्यूबलाइट लावली तरी कळ डोक्यात जायची. आठ दिवसांनी डॉक्टरकडे गेलो तोवर बाहुली मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी. प्रेडनिसोलोनचे थेंब तासातासाला, बाहुली मोठी करायचे थेंब वेगळे. चार दिवसांत लाली गेली तर भाऊजी म्हणे स्टिरॉइड आहे ते, बंद कर, काचबिंदू होईल. केलं बंद. पंधरा दिवसांत परत, आधीपेक्षा जोरात. हे थेंब आठवड्या-आठवड्याने उतरवत आणायचे असतात, महिना दीड महिना लागतो, हे भाऊजींना आजही पटत नाही.

मग उजवा, मग परत डावा. चौथ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरणीने तपासता तपासता विचारलं, सकाळी कंबर आखडते का? म्हटलं आठेक वर्षं आखडते, पण हिंडलं-फिरलं की मोकळी होते, बाइकमुळे असेल. तिने एचएलए बी२७ ही रक्तातल्या जनुकाची तपासणी करायला लावली, पॉझिटिव्ह. एक्स-रेत काही नाही, एमआरआयमध्ये कंबरेखालच्या सांध्यांना सूज. स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात, त्याचीच सूज डोळ्यात येत होती! इतके मोठमोठे डॉक्टर डोळाच बघत बसले, कंबरेचं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून संधिवातवाल्यांकडे आहे, पंधरा दिवसाला अडालिमुमॅबचं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणारं इंजेक्शन, महाग आहे पण डोळा शांत आहे.

तर कंबर दुखते का ते आधी डॉक्टरांना सांगा. अर्थात मी डॉक्टर नाही, आणि तुमची सूज डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर माझी गोष्ट लागूच नाही, तिथे आपल्याकडे टीबी आणि सिफिलिस आधी बघावे लागतात. अडालिमुमॅबच्या आधीसुद्धा टीबी बघतातच, दबलेला असला तर उसळतो. आणि थेंब कुणी मेडिकलवाला सांगतो म्हणून बंद करू नका, घरचा असला तरी.

डोळ्यातलं प्रेशर मात्र माझंही एकदा वाढून २८ झालं होतं स्टिरॉइडने, वेगळे थेंब घालून उतरवलं. भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.