मोठं नोझल टाकलं की पंप जातो का?

प्रश्न : माझ्याकडे दोन गाड्या आहेत, एक जुनी दहा चाकी इनलाइन पंपवाली आणि एक 2018 ची बीएस-4 कॉमन रेल. दोन्ही खडी ओढतात. माळशेज चढताना जीव काढतात म्हणून मिस्त्री म्हणतोय मोठ्या होलचं नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं तोंड) टाकू, आणि पंपवाला म्हणतो तसं केलंत तर पंपाची वाट लागेल. कोणाचं ऐकू? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : भाऊ, दोन गाड्यांना दोन उत्तरं आहेत, एकाच उत्तरात बसवायला गेलात तर फसाल.

आधी जुनी घ्या. तिचा पंप म्हणजे आपले जुने मिस्त्री अजून ज्याला मायको पंप म्हणतात तो (कंपनीचं नाव 2008 सालीच बॉश झालंय, पण सवय जात नाही). ह्या पंपात किती डिझेल जायचं ते नोझल ठरवत नाही, प्लंजरवरची (डिझेल दाबणाऱ्या दांडीवरची) तिरकी खाच आणि रॅक (ती दांडी फिरवणारी दातेरी पट्टी) ठरवतो. म्हणजे नुसतं नोझल मोठं केलं तर डिझेल जवळपास तेवढंच जातं, फक्त मोठ्या भोकातून पटकन निघून जातं आणि लाईनमधलं प्रेशर उलट कमी होतं. पंपाला त्यात त्रास नाही, पण फवारा जाडा पडतो, नीट जळत नाही, काळा धूर, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरचा लायनर धुऊन खाली इंजिन ऑइलात. मग पिकअप वाढला नाही म्हणून मिस्त्री काय करतो, पंपाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू पिळतो. पंपावर जोर येतो तो इथे. डिझेल वाढलं की प्रत्येक फेरीला प्लंजर ढकलणारे कॅम आणि रोलर जास्त वेळ प्रेशरखाली राहतात, म्हणजे दोष स्क्रूचा आणि नाव नोझलचं.

आणि खरं सांगू का, माझ्या टेबलावर जेवढे एलिमेंट (प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी) उघडून आले त्यातले बरेचसे जोराने नाही, घाणीने गेलेले होते. प्लंजर पुसून खिडकीच्या उजेडात फिरवा, चांगला असेल तर आरशासारखा चमकतो, गेलेला असेल तर डिझेल आत यायच्या भोकासमोर वरपासून खाली एक मळकट पट्टा दिसतो, बारीक उभ्या ओरखड्यांचा. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि इथली फट असते 5 च्या आतबाहेर, तिथे पाणी न् धूळ गेली की झालं. सकाळी गाडी झटक्यात लागते पण धाब्यावर जेवून आलात की गरम गाडी स्टार्टर मारमारून लागत नाही, असं होत असेल तर एलिमेंट बघा, गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून परत पळतंय.

आता कॉमन रेल, इथे तुमच्या पंपवाल्याचं बरोबर आहे. इथे पंपाचं काम म्हणजे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत) प्रेशर धरून ठेवणं, फुल लोडला 1600 बारच्या आसपास किंवा वर. इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) ठरवतो, त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही की तुम्ही भोक मोठं केलंय, तो तेवढाच वेळ उघडतो आणि डिझेल जास्त जातं. रेलचं प्रेशर पडायला लागलं की तो पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह अजून उघडतो, पंप दर फेरीला जास्त डिझेल दाबतो, गरम होतो, आणि घाटात कमी आरपीएमला फुल लोड आला की त्याच्याकडे शिल्लकच राहत नाही. चेक लाइट, पी 0087 (रेलचं प्रेशर कमी असल्याचा कोड), आणि गाडी मेल्यासारखी. अमेरिकेत डॉज पिकअपच्या 5.9 लिटर कमिन्सला हौशी लोक मोठे इंजेक्टर टाकतात, तेव्हा खूप मोठे टाकले तर दुसरा पंपही बसवतात, तो उगाच नाही.

त्याच पिकअपला 1998 ते 2002 च्या दरम्यान व्हीपी 44 नावाचा पंप यायचा. तो गेला की इंजेक्टरला शिव्या पडायच्या, पण मागचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा) कमजोर पडून तो उपाशी मेल्याचीच उदाहरणं भरपूर. डिझेलच पंपाचं वंगण आणि डिझेलच त्याला गार ठेवणारं पाणी, ते कमी पडलं की लोखंडावर लोखंड.

म्हणून नोझलला हात लावायच्या आधी डिझेल फिल्टर बदला, फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा, फीडचं प्रेशर लोडवर मोजा, आणि कॉमन रेलच्या सगळ्या इंजेक्टरचे रिटर्न पाईप काढून एकसारख्या बाटल्यांत सोडा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर चोर सापडला, तो इंजेक्टर डिझेल परत सोडतोय. टर्बोचा होज फाटलाय का तेही बघा, अर्ध्या वेळा घाटातलं रडगाणं तिथूनच असतं.

प्रश्न : पंप टिकावा म्हणून टाकीत टू-टी ऑइल टाकू का? आमचे ड्रायव्हर कधीकधी रॉकेलही मारतात. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम सल्फरचं डिझेल आहे, आणि सल्फर काढताना वंगणपणा जातो ही भीती खरी, पण मानकात त्याची मर्यादा ठरलेली आहे (घासण-चाचणीत पडणारा ओरखडा 460 मायक्रॉनपेक्षा मोठा नको) आणि ती पाळायला लागेल तेवढं ॲडिटिव्ह पुरवठ्याआधीच मिसळतात. बीएस-6 गाडीत टू-टी टाकलंत तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) राख साठेल. रॉकेल मात्र पातळ असतं आणि पंपाला कोरडा पाडतं, ते आजच बंद करा, ड्रायव्हरला चहापाण्याला चार पैसे जास्त द्या हवे तर.