वॉरहॅमर 40,000 या खेळाच्या काल्पनिक, दूरच्या भविष्यातल्या जगातले मेनियल, म्हणजे हलकी कामं करत राबणारे लोक पिढ्यानपिढ्या तेच काम का करतात? बंड का नाही करत, हे पटतं का?

पटतं. मला तरी पूर्ण पटतं. बापाच्या जागी पोरगा, खायला तिथंच, झोपायला तिथंच, मग पळून जाणार कुठं? उत्तर लिहायला बसलो कारण "हे पटत नाही" हेच वाक्य मी पुण्यात आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये ऐकलंय.

डार्क हेरेसी खेळत होतो, म्हणजे त्याच जगातला, एकेक पात्र घेऊन खेळायचा रोलप्लेइंग गेम. बाकीच्यांनी गार्ड्समन, असॅसिन असली लढाऊ पात्रं घेतली, मी ॲडेप्ट, म्हणजे कारकुनी-अभ्यासू पात्र घेतलं, सात पिढ्या ॲडमिनिस्ट्रेटमच्या (त्या साम्राज्याच्या सरकारी कचेरीच्या) तळघरात खंडणीच्या फायली वाहणाऱ्या घरातला. जीएम (गेम चालवणारा) म्हणाला, असं कुणी राबत नाही रे, दुसऱ्या पिढीतच बंड होतं, बदल ते. मी बदललं. ते अजून सलतंय.

आमच्या घरी दारावर पणजोबांची घुंगुरकाठी टांगलीय. वेसकर होते ते, महार वतनातले. हात धरायची जागा घामानं काळी गुळगुळीत झालीय, घुंगरं तीनच उरलीत. शेतसाऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि रात्री दारोदार भाकरी मागायची. बदल्यात जमिनीचा तुकडा, तोही वाटण्या होऊन होऊन बारीक झालेला, पण सोडवत नव्हता कारण सोडला तर तेवढंही गेलं. इंग्रजांनी 1874 च्या वतन कायद्यात हे कागदावर आणलं, बाबासाहेबांनी 1928 ला कौन्सिलात त्यावर बिल मांडलं, आणि ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. बंड करायला आधी त्या तुकड्याशिवाय जगायची सोय लागते हो. आजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा कुठं आमच्या घरातून ते काम सुटलं.

तुम्ही गेम चालवत असाल तर मेनियलला बिनडोक दाखवू नका. पणजोबांना शिवेचा एकेक दगड पाठ होता, हद्दीचा तंटा झाला की त्यांची साक्ष लागायची. तसं तुमच्या मेनियललाही माहीत असणार कुठली फाइल कुठं दडपलीय, त्याचा बोनस द्या की फासे टाकायच्या टेस्टला. आणि कुणी असं कॅरॅक्टर आणलं तर अवास्तव म्हणून खोडायला लावू नका, आधी विचारा त्याला हे कुठून सुचलं. मला कुणी विचारलं नाही.

बाकी लोर, म्हणजे त्या जगाची कथा-माहिती, एडिशनप्रमाणे बदलत राहते, सगळेच मेनियल जन्मानं असतात असं मी म्हणत नाही.