फोनवर रेकॉर्ड केलेली एम४ए कीर्तनं गाडीत वाजत नाहीत. ३२० केबीपीएसच्या एमपी३ केल्या तर आवाजही सुधारेल का?

केबीपीएस म्हणजे आवाजासाठी दर सेकंदाला वापरलेला डेटा. तो वाढवून आवाज सुधारणार नाही, फाइल तेवढी फुगेल. फोनने एम४ए बनवतानाच, म्हणजे एएसी पद्धतीने दाबताना, जे गाळलं ते कायमचं गेलं. एमपी३ची गाळणी वेगळी, त्यामुळे उरलेल्यातलंही थोडं जातं. बुवांचं बोलणं त्यात निभावतं. टाळ मात्र आधी बिघडतात, पाण्याखालून वाजल्यासारखे सळसळतात.

म्हणून आधी गाडीतल्या स्टिरिओचं माहितीपुस्तक बघा. त्यात एएसी किंवा एम४ए चालतं असं लिहिलेलं असेल, तर दोष बहुधा पेनड्राइव्हचा आहे. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. त्यातली एक्सफॅट जुन्या स्टिरिओंना वाचता येत नाही. फॅट३२ या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून बघा (आतलं सगळं पुसलं जाईल, आधी कॉपी काढा).

एमपी३ करावंच लागलं तर स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेल्या, रेकॉर्डिंगला १९२ केबीपीएस पुरे. मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) असेल तर ९६. दीड तासाचं कीर्तन ३२०ला साधारण २१६ एमबी होतं, १९२ला १३० एमबी.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर असेल तर वेगळं काही नको. मीडिया मेनूतलं कन्व्हर्ट/सेव्ह उघडा, फाइल जोडा, प्रोफाइलमध्ये ऑडिओ–एमपी३ निवडा. इथेच बहुतेक जण फसतात: या प्रोफाइलचा ठरलेला बिटरेट (केबीपीएसचा आकडा) १२८ असतो. शेजारच्या पान्याच्या चिन्हावर क्लिक करून ऑडिओ कोडेकच्या टॅबमध्ये तो १९२ करा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) मूळ फाइलचा आहे तोच ठेवा. ४८०००चं ४४१०० करून काही हाती लागत नाही. मूळ आकडा फाइल वाजत असताना टूल्समधल्या कोडेक इन्फर्मेशनमध्ये दिसतो. शेवटी नव्या फाइलचं नाव आणि जागा द्या, नावाच्या टोकाला डॉट एमपी३ हवंच.

नुसतं फाइलचं नाव एम४एचं एमपी३ करून काही होत नाही, आतला माल तोच राहतो.

काटछाट करायची असेल तर ती मूळ एम४एवर करा आणि एमपी३ अगदी शेवटी, एकदाच बनवा. एमपी३ उघडून, कापून, पुन्हा एमपी३ म्हणून सेव्ह केली की दर फेरीला आवाज घसरतो. मूळ फाइल पुसू नका. स्टिरिओ बदलला तर पुन्हा तिच्यापासूनच सुरुवात करायची आहे.