ग. धों. म्हणजे कोण?

प्रिय आरव,

परवा गाडीत तू विचारलंस, "बाबा, खापरपणजोबांचं नाव दगड का ठेवलं? ते कुणाला नको होते का?" मी "अरे, जुन्या काळची नावं ती" म्हणालो, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि विषयही सुटला. रात्री तुझा शाळेचा वंशवृक्ष पाहिला. त्यांच्या चौकटीत तू पेन्सिलीने 'धोंडो' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंयस. म्हणून हे पत्र. वाचताना काही अडलं तर आजीला फोन कर, तिलाही बरं वाटेल.

ते नको नव्हते रे. फार हवे होते. आपल्या घरात सांगतात ते असं, की त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी त्यांच्या आईने ठरवलं, आता गोड नाव ठेवायचंच नाही. गोड नावाला दृष्ट लागते, यमाचंही लक्ष जातं. दारातला धोंडा कोण कशाला उचलून नेईल? शिवाय धोंडा ऊनपावसात टिकतो, आणि शेंदूर फासला की त्याचाच देव होतो. हे सगळं त्या एका नावात होतं.

असं करणारी ती काही एकटी नव्हती. दगडू, कचरू, केरू, भिकाजी, उकिर्डा ही सगळी त्याच जातकुळीतली नावं. (हो, कचरू म्हणजे कचराच.) कुठे बाळाला सुपात घालून शेजारणीला 'विकायचे' आणि पसाभर धान्य देऊन परत 'विकत' घ्यायचे, म्हणजे मूल आता आपलं नाहीच, असं यमाला वाटावं. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घातली, की तो नथू. मला या युक्त्यांचं हसू येत नाही. त्या बायांच्या हातात दुसरं होतंच काय?

मग तू ती अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याची बाळांच्या नावांची यादी उघडलीस. १८८० पासूनची नावं, त्यांचे चढउतार. 'धोंडो' टाकलंस आणि काहीच आलं नाही. येणार कसं? एका वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना ठेवलेलं नाव त्या यादीत घेतच नाहीत. आपल्याकडे तसा आलेख नाही, पण एक दुसरी खूण आहे. आपण मधे वडिलांचं नाव लिहितो ना? म्हणून जे नाव पाळण्यातून नाहीसं होतं ते पुढची एक पिढी मधल्या अक्षरात राहतं.

आता बघ. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे, त्यांचं नाव धोंडोपंत. त्यानंतर वर्षभराने, १८५८ मध्ये, कोकणात धोंडो केशव कर्वे जन्मले. त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांना भारतरत्न मिळालं, आणि धोंडो हे नाव असलेला माणूस १०४ वर्षं जगला! त्यांचा मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे. आणि पार तिकडे पळसखेडला, शेतकऱ्याच्या घरात १९४२ मध्ये जन्मलेले कवी ना. धों. महानोर. म्हणजे कोकणातल्या भटाकडेही धोंडो आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडेही धोंडो. देशावर त्याचाच धोंडीबा होतो, धोंडीराम होतो. महानोरांनंतरच्या वयाच्या माणसांत हे 'धों.' मला फारसं भेटत नाही. माझ्या शाळेच्या हजेरीपटात एकही नव्हता.

सगळेच धोंडो भावंडं गेल्यामुळे धोंडो झाले, असं मात्र समजू नकोस. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे काहींना ते नुसतं वारशाने आलं. आणि गंमत म्हणजे, सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून असा नातू घरात सोनू, बाळ, नाना काहीही व्हायचा. आपले धोंडो घरात तात्याच होते. कर्व्यांनाही सगळे अण्णाच म्हणायचे. धोंडो असायचा तो कागदावर.

मग हे नाव गेलं कसं? थोडं लाजेमुळे. शाळेत पोरं चिडवायची, आणि शरद, अशोक, सुधीर अशी नावं नवी वाटायला लागली होती. पण माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दीडशेहून जास्त बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नसत. आज महाराष्ट्रात हा आकडा वीसच्या आत आहे. देवीची लस आली, धनुर्वाताची आली, नाळ स्वच्छ हत्याराने कापू लागले. मूल जगणार, अशी खात्री वाटायला लागली तेव्हा आईबापांना गोड नावं ठेवायचा धीर आला. रविवारच्या मराठी शाळेत तुम्ही तीन-तीन आरव आहात, ते त्या धीरावरच.

आता एक काम. तू लेगो ठेवतोस तो पितळी डबा आहे ना, त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत. तुला ती नक्षी वाटायची. खिळ्याने एकेक ठिपका ठोकून भांड्यावर नाव घालायचे, तसं ते आहे: 'चि. ग. धों. यांस मुंजीनिमित्त, शके १८५३'. ग. म्हणजे तुझे पणजोबा गणेश, आणि धों. म्हणजे ते. शकात ७८ मिळव, इंग्रजी साल येईल. 'धों'वरचा अनुस्वार ठोकताना कासाराचा हात जरा सरकलाय, तो ठिपका काठाखाली गेलाय. बोट फिरवलंस तर लागेल.

त्याचा फोटो वंशवृक्षात लाव. आधी लेगो काढ, आणि डबा चिंचेने घास. मी येईपर्यंत थांबलास तर आपण दोघं मिळून घासू. प्रश्नचिन्ह खोडायचं की नाही ते तू ठरव, पण नावाखाली इंग्रजीत 'रॉक' तेवढं लिहू नकोस.

तुझा,
बाबा